अमेरिकेत ‘प्री-मेड’: चार वर्षांत नेमकं काय करायचं?

हा लेख मुलांपेक्षा आई-बाबांसाठी आहे. इथे वाढलेली आपली बहुतेक मुलं मराठी बोलतात, देवनागरी वाचायचा मात्र कंटाळा करतात. शिवाय त्यांना या विषयावर इंग्रजीत हवं तेवढं सापडतं. गोंधळ उडतो तो आपला. आपल्याला मेडिकल प्रवेश माहीत आहे तो बारावी, पीसीबी, सीईटी किंवा नीट, मेरिट लिस्ट आणि कॅप राउंड या क्रमाने. मग मंडळाच्या गणपतीत कुणाचं मूल प्री-मेड, म्हणजे कॉलेजात राहून मेडिकलच्या तयारीत, आहे असं कळलं, की पहिला प्रश्न येतो, “किती टक्के लागतात?” आणि पाठोपाठ दुसरा, “क्लास कुठला लावलाय?”

टक्क्यांचा प्रश्न इथे लागूच होत नाही. इथे एक समिती प्रत्येकाची फाइल वाचते. त्या फाइलमध्ये कॉलेजचे सगळे ग्रेड, एमकॅट ही मेडिकलची प्रवेश परीक्षा, दवाखान्यात घालवलेले तास, सेवा, संशोधन, शिफारसपत्रं, निबंध आणि शेवटी मुलाखत असं सगळं असतं. ती भरायला चार-पाच वर्षं लागतात. म्हणून माझं मुख्य म्हणणं आधीच सांगून टाकते: अर्ज शक्यतो एकदाच करावा आणि फाइल भरली असताना करावा. “वर्ष वाया जाईल” या भीतीने अर्धी फाइल पाठवणाऱ्या घरांचंच जास्त नुकसान होताना मी पाहते.

रस्ता केवढा लांब आहे

बारावीनंतर थेट एमबीबीएससारखं इथे सहसा काही नसतं. आधी चार वर्षांची पदवी, मग चार वर्षांचं मेडिकल स्कूल, मग तीन ते सात वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलमधलं पुढचं प्रशिक्षण. मेडिकल स्कूलची पदवी एमडी किंवा डीओ असते. डीओ म्हणजे ऑस्टिओपॅथिक. आपल्याकडे ते नाव ऐकलं की होमिओपॅथीसारखं काहीतरी असेल असं वाटतं. तसं नाही. डीओ डॉक्टरांनाही औषधं लिहिण्याचा, शस्त्रक्रिया करण्याचा पूर्ण परवाना असतो आणि २०२० पासून दोघांची रेसिडेन्सी एकाच सामायिक प्रक्रियेतून ठरते. देशातल्या मेडिकल विद्यार्थ्यांपैकी साधारण चौथा हिस्सा डीओ कॉलेजांत शिकतो.

एमडीसाठी दरवर्षी सुमारे ५२ हजार जण अर्ज करतात आणि साधारण २३ हजारांना प्रवेश मिळतो. म्हणजे निम्म्याहून अधिक जणांना त्या वर्षी कुठेच जागा मिळत नाही. प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए (कॉलेजच्या ग्रेडची सरासरी) ४ पैकी ३.७ च्या वर आणि एमकॅट ५११-५१२ च्या आसपास असतो. ही सरासरी आहे, कटऑफ नाही. ५१८ असूनही घरी बसलेली मुलं असतात आणि ५०७ वर प्रवेश मिळवलेलीही असतात.

हायस्कूलमधूनच दोन्ही प्रवेश पक्के करणारे बीएस-एमडी कार्यक्रमही आहेत. ब्राउन विद्यापीठाचा आठ वर्षांचा पीएलएमई, कॅन्सस सिटीच्या मिसुरी विद्यापीठाचा सहा वर्षांचा, असे काही. आपल्या समाजात त्यांची फार क्रेझ आहे. जागा अगदी मोजक्या, आणि सतराव्या वर्षी घेतलेला निर्णय निभावणारी मुलं त्याहून मोजकी. मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तर काहीही बिघडलेलं नाही.

व्हिसाचं गणित सगळ्यात आधी

मूल अमेरिकेत जन्मलं असेल किंवा घरात ग्रीन कार्ड असेल, तर हा भाग सोडून पुढे जा. एच-४ वर, म्हणजे आई-बाबांच्या एच-१बीला जोडलेल्या व्हिसावर, वाढलेल्या मुलांच्या घरी मात्र हे पहिल्याच वर्षी बोलायला हवं. बऱ्याच घरी ते तिसऱ्या वर्षी कळतं.

भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डाची रांग किती लांब आहे हे वेगळं सांगायला नको. मूल २१ वर्षांचं झालं की एच-४ संपतो. तोवर आई-बाबांचं ग्रीन कार्ड झालं नाही, तर मुलाला एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा किंवा दुसरा व्हिसा घ्यावा लागतो आणि मेडिकल स्कूलच्या दृष्टीने ते आंतरराष्ट्रीय विद्यार्थी ठरतं. पुष्कळ मेडिकल कॉलेजं, विशेषतः राज्य सरकारांची, आंतरराष्ट्रीय अर्ज घेतच नाहीत. जी घेतात त्यांतली काही एक किंवा चारही वर्षांची फी आधीच बँकेत अडकवून ठेवायला सांगतात. सरकारी कर्जही मिळत नाही.

मग करायचं काय? एएएमसी ही मेडिकल कॉलेजांची शिखर संस्था ‘एमसार’ नावाची ऑनलाइन माहितीसूची चालवते. तिच्या वार्षिक वर्गणीत अजिबात काटकसर करू नका. प्रत्येक कॉलेज आंतरराष्ट्रीय अर्ज स्वीकारतं का, किती जणांना घेतं, हे तिथे दिसतं. ही यादी पहिल्या वर्षी काढा आणि दरवर्षी पुन्हा तपासा. इमिग्रेशन वकिलाकडून मुलाची २१ वर्षांची तारीख कशी मोजली जाणार हेही लेखी समजून घ्या, कारण अर्ज प्रलंबित असल्याचे काही दिवस त्यातून वजा होऊ शकतात.

आणखी एक बारीक गोष्ट. एच-४ वरच्या मुलांना पगारी काम करता येत नाही. स्क्राइब (डॉक्टरांच्या नोंदी टाइप करणारा), इएमटी (रुग्णवाहिकेतला मदतनीस), मेडिकल असिस्टंट या प्री-मेड मुलांच्या नेहमीच्या नोकऱ्या त्यामुळे बाद होतात. हॉस्पिटल किंवा हॉस्पिसमधली खरीखुरी स्वयंसेवा मात्र चालते. मूल एफ-१ वर गेलं की कॅम्पसवरचं काम करता येतं, पण कॅम्पसबाहेरच्या कामाला वेगळी परवानगी लागते.

पहिलं वर्ष: विषय कमी, ग्रेड स्वच्छ

प्री-मेड हे मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, नाही. मूल इतिहास घेऊन, संगीत घेऊन किंवा कॉम्प्युटर सायन्स घेऊन मेडिकलला जाऊ शकतं. लागतात ते ठरावीक विषय: जीवशास्त्र, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि भौतिकशास्त्र प्रत्येकी साधारण एक वर्ष, प्रयोगशाळेसकट. त्यावर एक सेमिस्टर बायोकेमिस्ट्री, संख्याशास्त्र किंवा गणित आणि इंग्रजी लेखन. एमकॅटसाठी मानसशास्त्र आणि समाजशास्त्र. कॉलेजागणिक अटी थोड्या वेगळ्या असतात. हायस्कूलमधलं एपी (कॉलेजच्या दर्जाच्या कोर्सचं) क्रेडिट काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी चालत नाही. एपीवर जनरल केमिस्ट्री सुटली असेल, तर त्याच विषयाचा वरचा एखादा कोर्स घेतलेला बरा.

आपली मुलं नेमकी चुकतात ती पहिल्या सेमिस्टरमध्ये. हायस्कूलमध्ये सगळं सोपं गेलेलं असतं, त्यामुळे केमिस्ट्री, बायोलॉजी, कॅल्क्युलस तिन्ही एकदम, वर ऑनर्स सेमिनार आणि तीन क्लब. घरून शाबासकी मिळते. ऑक्टोबरमध्ये पहिली मिडटर्म येते आणि आयुष्यातला पहिला सी पडतो.

तो सी किती महाग पडतो, ते आकड्यांतच पाहा. समजा पहिल्या वर्षी ३० क्रेडिटना जीपीए ३.२ आला. मुलाला तिसऱ्या वर्षानंतर लगेच अर्ज करायचा असेल, तर तोवर ९० क्रेडिट झालेले असतील. एकूण ३.७ व्हायला उरलेल्या ६० क्रेडिटमध्ये सरासरी ३.९५ हवी, म्हणजे जवळपास सगळे ए. तेच चौथं वर्ष संपवून अर्ज केला तर १२० क्रेडिटमधल्या उरलेल्या ९० मध्ये ३.८७ पुरतं. अवघड आहे, पण माणसाला जमण्यासारखं आहे. मुलांची फाइल पाहताना मी पहिल्यांदा हाच हिशेब मांडते.

इथे एक नियम पाठ असावा. एमडीच्या सामायिक अर्जाला ‘ॲमकॅस’ म्हणतात. मूल ज्या ज्या कॉलेजात बसलं, तिथला प्रत्येक ग्रेड त्यात मोजला जातो. हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजात घेतलेला कोर्ससुद्धा. विषय पुन्हा घेतला तर जुना ग्रेड पुसला जात नाही, दोन्ही मोजतात. जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित यांचा जीपीए वेगळा काढला जातो आणि समित्या तो आवर्जून पाहतात.

म्हणून पहिल्या सेमिस्टरला दोन विज्ञान विषय पुरे. पहिल्या आठवड्यापासून प्रोफेसरांच्या ऑफिस अवर्सना जायची सवय लावावी. आपल्या मुलांना हे जड जातं, कारण “सरांना शंका विचारायला गेलो म्हणजे मला येत नाही असं दिसेल” हे आपणच कुठेतरी शिकवलेलं असतं. इथे उलट आहे. जाणाऱ्या मुलालाच प्रोफेसर ओळखतात आणि पुढे शिफारसपत्रही त्यालाच देतात. एखादा विषय खरंच हाताबाहेर जात असेल, तर मुदतीत तो सोडून एक ‘डब्ल्यू’ घेणं हे सी-मायनसपेक्षा बरं. एक डब्ल्यू कुणी विचारत नाही, चार असले तर विचारतात.

ऑरगॅनिक केमिस्ट्री, मुलांच्या भाषेत ऑर्गो, बहुधा दुसऱ्या वर्षी येते. ती गाळणी आहे ही ख्याती खरी, पण ती गाळते ते पाठांतरावर विसंबणाऱ्यांना. मुलगी रोज थोड्या अभिक्रिया, त्या कशा घडतात ते टप्प्याटप्प्याने कागदावर काढत असेल तर निभावते. परीक्षेच्या आदल्या रात्री बसणारी हुशार मुलगीही अडकते. एवढं बोलून ऑर्गो सोडते. त्यावर घरी बसून आई-बाबांनी करण्यासारखं काही नाही.

दवाखान्यातले तास

आई-बाबांना सगळ्यात अनावश्यक वाटणारा आणि समितीला सगळ्यात आवश्यक वाटणारा हा भाग. प्रश्न साधा आहे: या मुलीने आजारी माणसं जवळून पाहिली आहेत का, आणि पाहूनही तिला डॉक्टर व्हायचं आहे का?

यात दोन गोष्टी वेगळ्या आहेत. शॅडोइंग म्हणजे डॉक्टरांच्या मागे उभं राहून बघणं. ते चाळीस-पन्नास तास पुरे, त्यात निदान एक फॅमिली डॉक्टर किंवा बालरोगतज्ज्ञ असावा. डीओला अर्ज करायचा असेल तर एक डीओ डॉक्टरही हवा. खरं वजन मात्र रुग्णाशी थेट संबंध येणाऱ्या कामाला आहे. इमर्जन्सी रूममध्ये डॉक्टरांसोबत नोंदी टाइप करणारा स्क्राइब, रुग्णवाहिकेतला इएमटी, वृद्धाश्रमात आंघोळ घालणारी, जेवण भरवणारी नर्सिंग असिस्टंट, हॉस्पिसमध्ये मरणासन्न माणसाशेजारी बसणारा स्वयंसेवक. इएमटीचं प्रशिक्षण एका सेमिस्टरात किंवा उन्हाळ्यात होतं. नर्सिंग असिस्टंटचं त्याहून कमी वेळात. “एवढं शिकवून मुलगी बेडपॅन उचलणार?” असं एका आजींनी विचारलं होतं. होय आजी, उचलणार, आणि मुलाखतीत तिच्याकडे सांगण्यासारखं खूप असणार.

तास किती, याला सरकारी आकडा नाही. आठवड्याला तीन-चार तास, पण दोन वर्षं सलग, याची किंमत एका उन्हाळ्यात उरकलेल्या तेवढ्याच तासांपेक्षा जास्त आहे. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला एक क्लिनिकल काम आणि एक बिगर-वैद्यकीय सेवा धरली आणि सोडली नाही, तर पुढे धावपळ होत नाही. सेवा कुठलीही चालते: अन्नछत्र, स्थलांतरित मुलांची शिकवणी, तुरुंगातले वाचनवर्ग. आपल्या लोकांपलीकडच्या, आपल्यापेक्षा वेगळं जगणाऱ्या माणसांसाठी केलेली असली की ती समितीला बोलते. मंडळाच्या दिवाळीत स्टेज लावणं लिहावं जरूर, पण तेवढंच नको.

संशोधन चांगलं असतं, संशोधनाला वाहिलेल्या मोठ्या कॉलेजांसाठी जवळजवळ आवश्यक. पण ज्याला प्रयोगशाळेत करमत नाही त्याने रुग्णांजवळचे तास वाढवावेत. पेपर छापून आलाच पाहिजे असं नाही. मूल आपल्या प्रयोगाचा प्रश्न साध्या शब्दांत सांगू शकलं पाहिजे.

आता भारतातला उन्हाळा. प्रत्येक मराठी घरात एखादा काका किंवा आत्या डॉक्टर असतेच. सांगलीला, नाशिकला, नाहीतर ठाण्याला. “ये की महिनाभर, ओटीत उभी राहा” असं प्रेमाने बोलावणं येतं. जावं. बघावं, लिहून ठेवावं. पण प्रेमापोटी काका जेव्हा म्हणतात “ये, एक टाका घालून बघ” किंवा “हे इंजेक्शन तू दे”, तेव्हा मुलाने हात मागे घ्यावा. अमेरिकेत त्या वयाच्या, त्या प्रशिक्षणाच्या मुलाला जे करायची परवानगी नाही, ते परदेशात केल्याचं अर्जात दिसलं तर समिती त्याकडे कौतुकाने पाहत नाही. एएएमसीची यावर स्वतंत्र मार्गदर्शक सूचनाच आहे. रुग्णाला त्याचा धोका असतो, आणि ज्याला नाही म्हणता येत नव्हतं अशा गरीब रुग्णावर हात चालवून पाहिला, असाच त्याचा अर्थ निघतो. भारतातलं शॅडोइंग इथल्या शॅडोइंगच्या जोडीला असावं, जागी नाही.

पहिल्या दिवसापासून एक वही किंवा एक्सेलची फाइल ठेवायला सांगा. तारीख, तास, जागा, कुणाच्या हाताखाली आणि त्या दिवशी लक्षात राहिलेली एक गोष्ट, रुग्णाचं नाव न लिहिता. ॲमकॅसमध्ये १५ कामं नोंदवता येतात, प्रत्येकाला ७०० अक्षरं. त्यातली तीन सर्वांत अर्थपूर्ण म्हणून निवडून त्यावर आणखी १,३२५ अक्षरं लिहायची असतात. तीन वर्षांनी आठवून लिहिलेलं आणि वहीतून काढलेलं, यातला फरक वाचणाऱ्याला लगेच कळतो.

एमकॅट

ही परीक्षा साडेसात तासांची आहे. त्यातले सव्वासहा तास प्रत्यक्ष प्रश्न, बाकी मधल्या सुट्ट्या. चार भाग: रसायन-भौतिक, कार्स म्हणजे उताऱ्यांचं आकलन, जीवशास्त्र-बायोकेमिस्ट्री आणि मानसशास्त्र-समाजशास्त्र. एकूण २३० प्रश्न, प्रत्येक भागाला ११८ ते १३२ गुण, बेरीज ४७२ ते ५२८, मध्य ५००. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. कॅल्क्युलेटर नसतो. जानेवारीत आणि मग मार्चपासून सप्टेंबरपर्यंत ती अनेकदा होते. निकाल महिन्याभराने लागतो.

वर्षात तीनदा, दोन वर्षांत चारदा, आयुष्यात सातदा अशी मर्यादा आहे. मात्र दिलेली प्रत्येक परीक्षा कॉलेजांना दिसते. “एकदा सहज देऊन पाहू” हा आपला सीईटीचा खाक्या इथे चालवू नका. परीक्षेच्या दिवशी फारच बिनसलं तर शेवटी ती रद्द करता येते. मग गुण लागत नाहीत, पण ती संधी वापरली गेली असं धरतात.

तयारीला सलग तीन ते सहा महिने, साधारण तीनशे तासांच्या वर. बायोकेमिस्ट्री झाल्याशिवाय बसू नये. पहिला अर्धा काळ विषय पुन्हा वाचण्यात, उरलेला पूर्णपणे प्रश्न सोडवण्यात. एएएमसीच्या स्वतःच्या सराव परीक्षा सगळ्यात खऱ्याजवळच्या असतात. त्या शेवटच्या सहा-आठ आठवड्यांसाठी राखून ठेवाव्यात आणि खऱ्या वेळेत, सकाळी आठला बसून सोडवाव्यात. शेवटच्या तीन सराव परीक्षांची सरासरी हवी तिथे पोचली नसेल, तर तारीख पुढे ढकला. बदलाची फी गेली तरी चालेल.

क्लासचं म्हणाल, तर ज्याला स्वतः वेळापत्रक पाळता येत नाही त्याला उपयोग होतो. हजारो डॉलरचा क्लास लावला म्हणून गुण वाढत नाहीत. चुकलेला प्रत्येक प्रश्न का चुकला हे लिहून काढलं की वाढतात. आपल्या मुलांना कार्स सगळ्यात नडतो, कारण त्याला पाठ करण्यासारखं काहीच नाही. त्यावर उपाय एकच, आणि तो कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून करता येतो: रोज विज्ञानाबाहेरचं काहीतरी अवघड वाचणं. तत्त्वज्ञान, कलासमीक्षा, इतिहास, काहीही.

गॅप इयर

सगळ्यात जास्त वाद घराघरांत यावरून होतो. आपल्याकडे ड्रॉप घेणं म्हणजे अपयश. इथे मेडिकलला लागणाऱ्या बहुसंख्य मुलांनी पदवी आणि मेडिकल यांच्यात एक किंवा अधिक वर्षं घेतलेली असतात. सुरुवातीचं सरासरी वय चोविशीच्या आसपास आहे.

पदवीनंतर लगेच मेडिकल सुरू करायचं असेल, तर अर्ज तिसऱ्या वर्षाच्या शेवटी, मे-जूनमध्ये करावा लागतो. म्हणजे एमकॅट तोवर झालेली, तास तोवर भरलेले, आणि ग्रेड फक्त तीन वर्षांचे. काहींना हे छान जमतं. ज्यांचा जीपीए वर चढतो आहे, एमकॅटला अजून वेळ हवा आहे किंवा क्लिनिकल तास शंभरसुद्धा नाहीत, त्यांनी थांबावं. पदवीनंतरच्या त्या वर्षात पूर्णवेळ स्क्राइब, क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर किंवा मेडिकल असिस्टंटचं काम करता येतं, पगारही मिळतो. पहिला अर्ज फसला आणि दुसरा करायची वेळ आली, तर काही कॉलेजं “मागच्या वेळेपासून काय बदललं?” असं थेट विचारतात. त्याचं सांगण्यासारखं उत्तर तयार करायला एक वर्ष लागतंच. मग ते अर्ज करण्याआधीच घेतलेलं काय वाईट?

अर्जाचं वर्ष

जानेवारी-फेब्रुवारीत शिफारसपत्रं मागायची. साधारण दोन विज्ञानाचे प्रोफेसर, एक विज्ञानाबाहेरचे, शिवाय ज्यांच्या हाताखाली काम केलं ते. काही कॉलेजांत प्री-मेड समिती एकत्र पत्र देते. तिची मुदत आदल्या हिवाळ्यातच असते, ती चुकवू नये. ओळखीच्या मोठ्या डॉक्टरांचं गोड पत्र आणण्याचा आपला उत्साह आवरावा. ज्याने मुलाला काम करताना पाहिलेलं नाही, त्याचं पत्र निरुपयोगी असतं.

मेच्या सुरुवातीला ॲमकॅस उघडतं आणि महिनाअखेरीस अर्ज पाठवता येतो. टेक्ससमधल्या बहुतेक कॉलेजांचा अर्ज ‘टीएमडीएसएएस’ आणि डीओचा ‘एएसीओमास’ असा वेगळा. ॲमकॅसमध्ये ग्रेड पडताळायला गर्दीत सहा आठवडेही जातात आणि बहुतेक कॉलेजं अर्ज येतील तसे वाचत, मुलाखती देत जातात. म्हणून जूनच्या पहिल्या पंधरवड्यात अर्ज गेला पाहिजे. छापील अंतिम तारीख ऑक्टोबर-नोव्हेंबरची दिसते. तिच्यावर विसंबून राहू नका.

निबंधाला ५,३०० अक्षरं मिळतात, जेमतेम दीड पान. विषय एकच: डॉक्टरच का? आजोबांचा हार्ट अटॅक आणि पुण्याच्या वस्तीतली गरिबी हे दोन विषय आपल्या मुलांकडून इतके येतात, की वाचणाऱ्याला दुसरी ओळ आधीच माहीत असते. ते लिहू नये असं नाही, पण आजोबांनंतर मुलाने स्वतः काय केलं यावर निबंधाचा मोठा भाग हवा. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशींनी फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजला प्रवेशासाठी पत्र लिहिलं. प्रवेशाच्या सगळ्या अटींत आपण कदाचित बसणार नाही हे त्यांनी मान्य केलं, विरोध पत्करून इथवर आलो ते सांगितलं आणि पुरुष डॉक्टरकडे जाण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या बायकांसाठी शिकायचं आहे हे स्वच्छ लिहिलं. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. कुणासाठी, कशासाठी आणि त्यासाठी आजवर काय केलं, एवढंच आजच्या निबंधातही लागतं. तो आई-बाबांनी लिहू नये. पैसे देऊन लिहून घेतलेला तर मुळीच नाही, मुलाखतीत तो उघडा पडतो.

कॉलेजांची यादी १५ ते २५. त्यात स्वतःच्या राज्याची सगळी सरकारी कॉलेजं आधी. ती राज्यातल्या मुलांना झुकतं माप देतात. टेक्ससमध्ये तर सरकारी कॉलेजांत ९० टक्के जागा राज्यातल्या रहिवाशांसाठी असतात. कॅलिफोर्नियातल्या मुलांना उलट बाहेरच्या राज्यांकडे बघावंच लागतं, कारण तिथे जागांच्या मानाने अर्ज फार. हार्वर्ड-स्टॅनफर्ड दोन-तीन ठेवा, हौस म्हणून. यादीचा गाभा मुलाच्या गुणांच्या आसपासची खासगी कॉलेजं आणि काही डीओ कॉलेजं असा असावा.

जुलै-ऑगस्टमध्ये सेकंडरी अर्ज येऊन आदळतात. प्रत्येक कॉलेजचे तीन-चार वेगळे प्रश्न, प्रत्येकाची शंभर डॉलरच्या आसपास फी. दोन आठवड्यांत परत पाठवायचे. प्रश्न दरवर्षी फारसे बदलत नाहीत, त्यामुळे जूनमध्येच मसुदे करून ठेवता येतात. काही कॉलेजांना कॅस्पर किंवा प्रीव्ह्यू ही प्रसंगनिष्ठ चाचणीही लागते. तिचीही तारीख उन्हाळ्यातच घ्यावी.

मुलाखती साधारण सप्टेंबर ते फेब्रुवारी, २०२० नंतर बऱ्याचशा ऑनलाइन. एक प्रकार गप्पांचा, दुसरा एमएमआयचा. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात सुरू झालेल्या या पद्धतीत सात-आठ मिनिटांची छोटी छोटी दालनं असतात आणि प्रत्येकात एक पेच. उदाहरणार्थ, मित्राने परीक्षेत कॉपी केल्याचं तुम्हाला कळलंय, काय कराल? उत्तर बरोबर-चूक असं नसतं. मूल दोन्ही बाजू ऐकून घेतं का, हे पाहतात. घरी जेवणाच्या टेबलावर याचा सराव उत्तम होतो. फक्त आपण मधे बोलून उत्तर सुधारायचं नाही. कठीण आहे, मला माहीत आहे.

प्रवेशाचे निरोप १५ ऑक्टोबरपासून येऊ लागतात. अनेक ठिकाणी होकार असतील तर ३० एप्रिलपर्यंत एकच ठेवून बाकीच्या जागा सोडायच्या. त्यानंतर वेटलिस्ट हलते, अगदी जुलैपर्यंत.

पैसे

वीस कॉलेजांना अर्ज करायचा तर एमकॅटची साडेतीनशेच्या आसपास फी, ॲमकॅसचे हजारेक आणि सेकंडरीचे दोनेक हजार असे मिळून साडेतीन ते साडेचार हजार डॉलर बाजूला ठेवा. उत्पन्न कमी असेल तर एएएमसीची फी सवलत योजना आहे. तिच्यात एमकॅट स्वस्त पडते आणि वीसपर्यंत कॉलेजांची ॲमकॅस फी माफ होते. मात्र फी भरण्याआधी तिचा अर्ज मंजूर व्हायला हवा.

शिक्षणाचा खर्च खासगी कॉलेजात राहण्याखाण्यासकट चार वर्षांना साडेतीन-चार लाख डॉलरच्या घरात जातो. २०२५ च्या जुलैत झालेल्या कायद्याने इथे मोठा फरक पडला आहे. पूर्वी ग्रॅड प्लस कर्जातून पूर्ण खर्च निघायचा. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ते बंद. मेडिकलसाठी सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलरपर्यंतच. वरचं खासगी कर्जातून किंवा घरातून. त्यामुळे राज्याच्या सरकारी कॉलेजचा होकार नावाजलेल्या खासगी कॉलेजच्या होकारापुढे दुय्यम समजण्याचे दिवस गेले. न्यूयॉर्क विद्यापीठाने २०१८ मध्ये आणि ब्राँक्सच्या अल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेजने २०२४ मध्ये शिकवणी फी माफ केली, जॉन्स हॉपकिन्सने ३ लाख डॉलरपेक्षा कमी उत्पन्नाच्या घरांसाठी. पण तिथे शिरायला झुंबड आहे. अमेरिकन नागरिक असलेल्या मुलांना लष्कराची एचपीएसपी शिष्यवृत्ती मिळू शकते. त्याबदल्यात काही वर्षं सेवा द्यावी लागते.

नाही मिळालं तर

जिथून नकार आला तिथे विचारावं. काही कॉलेजं नाकारलेल्यांना उन्हाळ्यात अभिप्राय देतात. तो फुकट असतो आणि बाहेरच्या सल्लागारांपेक्षा खरा. मग कमतरता जिथे आहे तिथेच उपाय. जीपीए कमी असेल तर पोस्ट-बॅक (पदवीनंतर घेतलेले जादा कोर्स) किंवा एक वर्षाचा विज्ञानाचा मास्टर्स, पण मास्टर्सचे ग्रेड पदवीच्या जीपीएत मिसळत नाहीत हे लक्षात ठेवून. एमकॅट कमी असेल तर तीच पुन्हा, निराळ्या पद्धतीने अभ्यास करून. तास कमी असतील तर नोकरी. यादीत डीओ कॉलेजं नव्हती, तर या वेळी घाला.

कॅरिबियनमधल्या कॉलेजांच्या जाहिराती नकाराच्या मोसमातच येतात. तिथून डॉक्टर झालेले लोक आहेत, पण मधेच गळणाऱ्यांचं प्रमाण मोठं आणि फी अमेरिकेइतकी. सहीआधी एकच विचारा: चार वर्षांपूर्वी पहिल्या वर्षाला बसलेल्यांपैकी किती जणांना रेसिडेन्सी मिळाली? शेवटच्या वर्षापर्यंत पोचलेल्यांपैकी किती, हा आकडा ते आपणहून सांगतात. तो तुमच्या कामाचा नाही.

भारतात एमबीबीएस करून परत यायचं असेल, तर नीट लागते, बारावीच्या पातळीवर भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र तिन्ही झालेलं असावं लागतं आणि परतताना यूएसएमएलई ही इथल्या डॉक्टरी परवान्याची परीक्षा देऊन परदेशी पदवीधर म्हणून रेसिडेन्सीच्या रांगेत उभं राहावं लागतं. हा निर्णय हायस्कूल संपतानाच घ्यायचा असतो. इथली चार वर्षांची पदवी झाल्यावर तो घेतला, तर साडेपाच वर्षं नव्याने मोजायची तयारी ठेवा.